रसेल पिअर्स : अ‍ॅरिझोनाच्या एका कट्टर परंपरावादी आमदाराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेचे स्थलांतरविषयक धोरण वॉशिंग्टनमध्ये ठरते, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे आणि घटनेच्या दृष्टीने तो बराचसा बरोबरही आहे. तरीही गेल्या पंचवीस वर्षांत या विषयावर जे कायदे सर्वांत जास्त गाजले, त्यांतले अनेक एका राज्याच्या विधिमंडळातून आले आणि त्यांच्यामागे प्रामुख्याने एकाच आमदाराचा हात होता. रसेल पिअर्स हे त्यांचे नाव. अमेरिकेत शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या किंवा मुलांकडे जाऊन राहणाऱ्या मराठी माणसांना त्यांच्या कायद्यांची झळ लागली नसली, तरी त्यांची धास्ती मात्र पोहोचली होती. त्यामुळे हा माणूस कोण होता, त्याने नेमके काय केले आणि त्याची कारकीर्द अशी अचानक का संपली, हे नीट समजून घेणे उपयोगाचे आहे.

रसेल पिअर्स कोण होते?

रसेल पिअर्स हे अ‍ॅरिझोना राज्याच्या विधिमंडळाचे रिपब्लिकन सदस्य होते. २००१ ते २००९ या काळात ते प्रतिनिधीगृहात होते आणि त्यानंतर २०११ च्या नोव्हेंबरपर्यंत राज्याच्या सिनेटमध्ये. अखेरच्या वर्षात ते सिनेटचे अध्यक्षही होते. बेकायदा स्थलांतरितांविरुद्धचा २०१० चा ‘एसबी १०७०’ (सिनेट बिल १०७०) हा कायदा ही त्यांची सर्वांत मोठी ओळख. मतदारांनी मुदतीपूर्वी परत बोलावलेले अ‍ॅरिझोनाच्या इतिहासातले पहिले आमदार ही त्यांची दुसरी ओळख. ५ जानेवारी २०२३ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांची घरची आणि सामाजिक पार्श्वभूमी कशी होती?

त्यांचा जन्म २३ जून १९४७ रोजी मेसा या शहरात झाला आणि त्यांचे सगळे राजकारणही तिथेच घडले. मेसा हे फिनिक्सच्या पूर्वेला लागून असलेले शहर आहे. २०१० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे चार लाख चाळीस हजार होती, म्हणजे आकाराने ते मुळीच लहान नाही. १८७८ मध्ये मॉर्मन या ख्रिस्ती परंपरेतल्या अमेरिकन पंथाच्या वसाहतकारांनी ते वसवले आणि १९२७ मध्ये तिथे पंथाचे मोठे मंदिर उभे राहिले. आज शहरात सगळ्या प्रकारची वस्ती असली, तरी पिअर्स यांच्या मतदारसंघात मॉर्मन कुटुंबांचे वजन मोठे होते आणि पिअर्स स्वतः त्याच पंथाचे होते. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण त्यांच्या पराभवाचे कारण शोधताना तो पुन्हा लागणार आहे.

राजकारणात येण्यापूर्वी ते काय करत होते?

ते पोलिसी पेशातले होते. मॅरिकोपा काउंटीच्या, म्हणजे फिनिक्स-मेसा ज्यात येतात त्या जिल्ह्याच्या, शेरीफ (जिल्हा पोलीस) खात्यात त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ नोकरी केली आणि शेरीफ जो अर्पायो यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला ते खात्यात वरिष्ठ पदावर पोहोचले. अर्पायो यांनी १९९३ मध्ये कैद्यांसाठी तंबूंचा जो तुरुंग उभारला आणि जो पुढे जगभर वादाचा विषय झाला, त्याची कल्पना मूळ आपली होती, असे पिअर्स सांगत असत.

१९७७ मध्ये ग्वादालूपे या छोट्या वस्तीत गस्त घालत असताना बिअर पिणाऱ्या काही तरुणांना त्यांनी हटकले. झटापट झाली, गोळी सुटली आणि पिअर्स यांनी हाताच्या एका बोटाचा तुकडा गमावला. २००४ मध्ये, ते आमदार असताना, शेरीफ खात्यातच नोकरीला असलेला त्यांचा मुलगा एका खून प्रकरणातील संशयिताच्या घरी झडतीसाठी गेला असताना गोळी लागून जखमी झाला. गोळी झाडणारा माणूस देशात बेकायदा राहत होता. पिअर्स यांचे विरोधक त्यांच्या भूमिकेचे मूळ या दोन घटनांमध्ये शोधत, मात्र २००४ पूर्वीच त्यांची भूमिका पक्की झालेली होती, हे कालक्रम पाहिल्यावर स्पष्ट होते. त्या घटनांमुळे मत बनले असे म्हणण्यापेक्षा ते अधिक टोकदार झाले, असे म्हणणे जास्त योग्य ठरेल.

शेरीफ खाते सोडल्यावर ते राज्याच्या मोटार वाहन विभागाचे संचालक झाले. १९९९ मध्ये त्यांना त्या पदावरून काढण्यात आले. एका महिलेच्या वाहनचालक नोंदीत विभागातून फेरफार झाल्याचा आक्षेप होता. आपण काही गैर केले नाही, असे पिअर्स यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी ते निवडणुकीला उभे राहिले आणि निवडून आले.

अ‍ॅरिझोनाचे विधिमंडळ कसे चालते?

हे समजून घेतल्याशिवाय पिअर्स यांची ताकद कळणार नाही. राज्याचे ३० मतदारसंघ आहेत. प्रत्येक मतदारसंघातून एक सिनेटर आणि दोन प्रतिनिधी निवडले जातात, म्हणजे ३० आणि ६० मिळून एकूण ९० सदस्य. दोन्ही सभागृहांची मुदत फक्त दोन वर्षांची असते आणि एका सभागृहात सलग चार मुदतींपेक्षा जास्त राहता येत नाही. पिअर्स यांनी २००८ मध्ये प्रतिनिधीगृह सोडून सिनेटची निवडणूक लढवली, ती याच मर्यादेमुळे. आमदारकीचे वेतन १९९८ पासून वर्षाला २४ हजार डॉलर आहे. एवढ्या पैशात अमेरिकेत घर चालत नाही, त्यामुळे बहुतेक सदस्यांना दुसरा व्यवसाय असतो आणि कायद्याच्या मसुद्यांचा बारकाईने अभ्यास करणारे थोडेच असतात. पिअर्स त्या थोड्यांपैकी होते. प्रतिनिधीगृहात विनियोजन समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ज्या समितीच्या हाती राज्याच्या तिजोरीच्या किल्ल्या, तिच्या अध्यक्षाला दुखवणे कोणत्याही सदस्याला परवडत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे मुळीच नाही, ती म्हणजे सार्वमत. एखादे विधेयक राज्यपालाने नाकारले, तर विधिमंडळ तोच विषय साध्या बहुमताने थेट पुढच्या निवडणुकीच्या मतपत्रिकेवर पाठवू शकते आणि तिथे राज्यपालाचा नकाराधिकार चालत नाही. नागरिकही सह्या गोळा करून असा प्रस्ताव मतपत्रिकेवर आणू शकतात. शिवाय १९९८ च्या घटनादुरुस्तीमुळे मतदारांनी मंजूर केलेल्या गोष्टीला विधिमंडळ सहजासहजी हात लावू शकत नाही. २००३ ते २००९ या काळात राज्यपालपदी डेमोक्रॅट पक्षाच्या जॅनेट नपॉलिटॅनो होत्या आणि त्यांनी स्थलांतरविषयक अनेक विधेयके अडवली. पिअर्स यांनी अशा वेळी मतपत्रिकेचा रस्ता धरला.

मतपत्रिकेच्या मार्गाने त्यांनी कोणते कायदे आणले?

२००४ चा ‘प्रस्ताव २००’ हा पहिला मोठा. मतदार नोंदणीसाठी नागरिकत्वाचा पुरावा, मतदान केंद्रावर ओळखपत्र आणि काही सरकारी लाभांसाठी कायदेशीर वास्तव्याचा दाखला अशा त्यात अटी होत्या. हा नागरिकांच्या सह्यांमधून आलेला प्रस्ताव होता आणि पिअर्स त्याच्या प्रमुख पाठीराख्यांपैकी एक होते. सुमारे ५६ टक्के मतदारांनी तो मंजूर केला. २००६ मध्ये गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या बेकायदा स्थलांतरितांना जामीन नाकारणारा ‘प्रस्ताव १००’ आणि इंग्रजीला राज्याची अधिकृत भाषा ठरवणारा ‘प्रस्ताव १०३’ असे दोन प्रस्ताव विधिमंडळाने मतदारांकडे पाठवले. दोन्ही सुमारे तीन चतुर्थांश मतांनी मंजूर झाले.

पिअर्स यांना निव्वळ माथेफिरू ठरवून मोकळे होणाऱ्यांनी हे आकडे लक्षात घ्यायला हवेत. तीन चतुर्थांश मते केवळ कट्टर रिपब्लिकनांची असू शकत नाहीत. सीमेवरून होणारी बेकायदा ये-जा, तस्करी, शाळा-रुग्णालयांवरचा ताण आणि केंद्र सरकार काहीच करत नाही ही भावना त्या काळात अ‍ॅरिझोनात खोलवर रुजलेली होती. पिअर्स यांनी ती निर्माण केली नव्हती, तिला कायद्याचे रूप कसे द्यायचे हे मात्र त्यांना इतरांपेक्षा चांगले कळत होते.

नोकरी देणाऱ्या मालकांविरुद्धचा २००७ चा कायदा काय होता?

माझ्या मते पिअर्स यांचे सर्वांत परिणामकारक काम हेच, जरी त्याची चर्चा एसबी १०७० पेक्षा खूपच कमी झाली. या कायद्याने राज्यातील प्रत्येक मालकाला नव्या कामगाराची माहिती ‘ई-व्हेरिफाय’ या केंद्र सरकारच्या संगणक प्रणालीवर तपासणे बंधनकारक केले. बेकायदा कामगाराला जाणूनबुजून कामावर ठेवल्याचे पहिल्यांदा सिद्ध झाल्यास व्यवसायाचा परवाना काही काळ निलंबित आणि दुसऱ्यांदा सिद्ध झाल्यास कायमचा रद्द, अशी शिक्षा ठेवली. नपॉलिटॅनो यांनी २ जुलै २००७ रोजी त्यावर सही केली. १ जानेवारी २००८ पासून तो लागू झाला.

व्यापारी संघटना न्यायालयात गेल्या, तसेच २००८ मध्ये कायद्याची धार कमी करणारा एक प्रस्ताव मतपत्रिकेवर आला. मतदारांनी तो फेटाळला आणि २६ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी कायदा वैध ठरवला. कॅलिफोर्नियातील एका धोरण-संशोधन संस्थेच्या अभ्यासानुसार, या कायद्यामुळे २००८-०९ मध्ये राज्यातील नागरिक नसलेल्या हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक लॅटिन अमेरिकी मुळाच्या) लोकसंख्येत सुमारे ९२ हजारांची घट झाली. ते वर्ष मंदीचे होते, पण अभ्यासकांनी शेजारच्या आणि सारख्या राज्यांशी तुलना करून मंदीचा परिणाम वेगळा काढण्याचा प्रयत्न केला होता. जे राहिले त्यांतले बरेच जण नोकरीच्या नोंदीबाहेर, स्वयंरोजगाराच्या नावाखाली, कमी पैशात काम करू लागले. बांधकामावर, शेतात, हॉटेलांच्या मुदपाकखान्यात राबणाऱ्या या माणसांना आता मालकाशी भांडायचीही सोय उरली नाही आणि कायद्याचा हा परिणाम मला अतिशय दुःखद वाटतो.

एसबी १०७० मध्ये नेमके काय होते?

राज्यपाल जॅन ब्रूअर यांनी २३ एप्रिल २०१० रोजी सही केलेल्या या कायद्याच्या पहिल्याच कलमात त्याचा हेतू उघडपणे सांगितला होता : अंमलबजावणी इतकी कडक करायची की बेकायदा राहणारी माणसे हळूहळू आपण होऊन राज्य सोडून जातील. मसुदा तयार करताना पिअर्स यांना कॅन्ससचे कायद्याचे प्राध्यापक क्रिस कोबॅक यांची मदत झाली होती.

त्यातील चार तरतुदींवर मुख्य लढाई झाली. पोलिसांनी एखाद्याला कायदेशीररीत्या थांबवले असताना तो बेकायदा राहत असल्याची वाजवी शंका आली, तर त्याच्या वास्तव्याची चौकशी करणे हे त्यांचे कर्तव्य ठरवण्यात आले. परदेशी व्यक्तीने नोंदणीची कागदपत्रे जवळ न बाळगणे हा राज्याचाही गुन्हा झाला. परवानगी नसताना काम मागणे किंवा करणे हाही गुन्हा झाला. चौथ्या तरतुदीने हद्दपारीस पात्र गुन्हा केल्याची शंका असलेल्या व्यक्तीला वॉरंटशिवाय अटक करण्याचा अधिकार पोलिसांना दिला.

मूळ मसुद्यात आणि आठवडाभरात झालेल्या दुरुस्तीत जो फरक आहे तो जवळून पाहण्यासारखा आहे. मुळात पोलिसांचा कोणताही ‘कायदेशीर संपर्क’ चौकशीला पुरेसा होता, म्हणजे तक्रार द्यायला आलेल्या बाईलाही कागदपत्रे विचारता आली असती. दुरुस्तीने तिथे ‘थांबवणे, स्थानबद्ध करणे किंवा अटक करणे’ असे शब्द घातले. तसेच वंश किंवा वर्ण हा ‘केवळ एकमेव’ आधार नसावा, अशी आधीची भाषा होती. ती बदलून, घटना परवानगी देते तेवढा अपवाद सोडता, वंशाचा विचारच करू नये असे लिहिले. इतक्या महत्त्वाच्या गोष्टी सही झाल्यानंतर दुरुस्त कराव्या लागल्या, यावरून कायदा किती घाईने पुढे रेटला गेला होता ते दिसते. त्याच्या सुमारे महिनाभर आधी सीमेजवळ एका पशुपालकाचा खून झाला होता, मारेकरी सीमेपलीकडून आल्याचा संशय होता आणि त्या संतापाच्या लाटेत शांतपणे विचार करायला कोणालाच सवड नव्हती.

तिथल्या भारतीयांना आणि मराठी कुटुंबांना याची काळजी का वाटली?

मेसाला लागूनच चँडलर आणि टेंपी ही शहरे आहेत. पहिल्यात इंटेलचे मोठे कारखाने आणि दुसऱ्यात अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी. या पट्ट्यात भारतीय अभियंते आणि विद्यार्थी मोठ्या संख्येने राहतात. अठरा वर्षांवरील परदेशी व्यक्तीने नोंदणीची कागदपत्रे कायम जवळ ठेवावीत, हा केंद्राचा नियम कित्येक दशकांपासून होताच, पण रस्त्यावरचा पोलीस तो विचारील अशी शक्यता कोणी धरत नसे. एसबी १०७० ने ती शक्यता निर्माण केली.

कायद्यात एक सवलत होती : अ‍ॅरिझोनाचा वैध वाहन परवाना दाखवला, की वास्तव्य कायदेशीर आहे असे गृहीत धरले जाई. त्यामुळे गाडी चालवणाऱ्या नोकरदाराला फारशी अडचण नव्हती. अडचण होती ती सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांची. त्यांच्याकडे परवाना नसतो. त्यांच्या कायदेशीर वास्तव्याचा पुरावा म्हणजे पासपोर्टात टाचलेला आय-९४ चा कागद, जो त्या काळी अजून कागदी स्वरूपात होता आणि हरवला तर नवा मिळवणे जिकिरीचे होते. संध्याकाळी फिरायला निघालेल्या सासूबाईंनी पासपोर्ट घरात सुरक्षित ठेवायचा की पर्समध्ये न्यायचा, हा प्रश्न तोपर्यंत कोणाच्या घरात उद्भवला नव्हता. त्या कायद्याचा मुख्य रोख अर्थातच मेक्सिकोहून आलेल्या लोकांवर होता आणि खरी झळही त्यांनाच बसली, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

न्यायालयांनी त्या कायद्याचे काय केले?

कायदा २९ जुलै २०१० पासून लागू व्हायचा होता. आदल्या दिवशी केंद्रीय न्यायाधीश सुझन बोल्टन यांनी त्याच्या मुख्य तरतुदींना स्थगिती दिली. २५ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चारपैकी तीन तरतुदी रद्द केल्या : कागदपत्रे न बाळगण्याचा गुन्हा, काम मागण्याचा गुन्हा आणि वॉरंटशिवाय अटक. स्थलांतराच्या क्षेत्रात केंद्राचा कायदा राज्याच्या कायद्याला बाजूला सारतो, हे त्यामागचे मुख्य तत्त्व. पोलिसांनी वास्तव्याची चौकशी करण्याची तरतूद मात्र न्यायालयाने त्या टप्प्यावर राहू दिली, ती प्रत्यक्षात कशी वापरली जाते ते पाहून पुढे आव्हान देण्याची वाट मोकळी ठेवून. २०१६ मध्ये झालेल्या तडजोडीने तिच्या वापरावर बरीच बंधने आली.

इतर कायद्यांचेही असेच काही टिकले, काही पडले. जामीनबंदी २०१४ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. मतदार नोंदणीबाबत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की केंद्राचा नोंदणी अर्ज भरणाऱ्याकडून राज्य आणखी पुरावा मागू शकत नाही.

स्थलांतर सोडून इतर विषयांवर त्यांची भूमिका काय होती?

सर्वसाधारण अमेरिकन परंपरावाद्याची असते तीच : कमी कर, लहान सरकार आणि शस्त्र बाळगण्याचे पूर्ण स्वातंत्र्य. परवान्याशिवाय लपवून शस्त्र बाळगण्याची मुभा देणारे २०१० चे विधेयक त्यांनीच मांडले होते आणि अशी मुभा देणारे अ‍ॅरिझोना हे अलास्का व व्हरमाँटनंतरचे तिसरे राज्य ठरले. मंदीच्या वर्षांत खर्चकपातीचेही ते आग्रही पुरस्कर्ते होते.

त्यांच्यावर वंशवादाचा आरोप का झाला?

२००६ मध्ये त्यांनी समर्थकांना पाठवलेल्या ई-मेलमध्ये एका उघड वंशवादी, ज्यूविरोधी संघटनेचा लेख होता. मजकुराचा उगम आपल्याला माहीत नव्हता, असे सांगून त्यांनी माफी मागितली. त्याच वर्षी १९५४ च्या सामूहिक हद्दपारी मोहिमेचे त्यांनी कौतुक केले. त्या मोहिमेच्या अधिकृत नावातच मेक्सिकन लोकांसाठीची शिवी होती, त्यामुळे मोठा गदारोळ झाला. पुढे नवनाझी म्हणून उघड झालेल्या एका स्थानिक कार्यकर्त्याला त्यांनी एकेकाळी निवडणुकीत पाठिंबा दिला होता. त्याचे ते विचार आपल्याला तेव्हा ठाऊक नव्हते, असा खुलासा त्यांनी नंतर केला.

आपला विरोध बेकायदेशीरपणाला आहे, वंशाला नाही, हे पिअर्स शेवटपर्यंत सांगत राहिले. ‘बेकायदा म्हणजे बेकायदा, यातले काय कळत नाही?’ अशा आशयाचा त्यांचा प्रश्न सभासभांतून गाजत असे. माणसाच्या मनात काय होते याचा निवाडा बाहेरून करता येत नाही, पण लोकप्रतिनिधीने कोणाचा लेख पुढे पाठवला आणि कोणाच्या खांद्यावर हात ठेवला याची जबाबदारी त्याच्यावरच येते आणि असे एकदा नव्हे तर अनेकदा घडले असेल, तर अनभिज्ञतेचा खुलासा पुरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिनेटचे अध्यक्ष झाल्यावर त्यांचे बळ वाढले का?

पद वाढले, पण बळ वाढले नाही. जानेवारी २०११ मध्ये ते अध्यक्ष झाले, तेव्हा ३० पैकी २१ सिनेटर रिपब्लिकन होते. या भक्कम बहुमताच्या भरवशावर स्थलांतरविषयक पाच नवी विधेयके आणली गेली. त्यांत बेकायदा आई-वडिलांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नागरिकत्वाला आव्हान देणारी विधेयकेही होती. एसबी १०७० नंतर अनेक संस्थांनी अ‍ॅरिझोनातील परिषदा रद्द केल्या होत्या, काही शहरांनी राज्यावर बहिष्कार घातला होता आणि हॉटेल-पर्यटन व्यवसाय पोळला होता. राज्यातल्या साठ बड्या उद्योजकांनी आता पुरे, अशा आशयाचे पत्र सिनेटला लिहिले. १७ मार्च २०११ रोजी पाचही विधेयके सिनेटमध्येच पडली, कारण पिअर्स यांच्या स्वतःच्या पक्षातल्या सदस्यांनी विरोधात मते दिली.

मतदारांनी त्यांना परत कसे बोलावले?

परत बोलावण्याचा अधिकार, म्हणजेच रिकॉल, अ‍ॅरिझोनाच्या जन्मापासूनचा आहे. राज्याच्या प्रस्तावित घटनेत न्यायाधीशांनाही परत बोलावता येईल अशी तरतूद होती, म्हणून राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी १९११ मध्ये राज्याच्या दर्जाला नकार दिला. तरतूद काढल्यावर १४ फेब्रुवारी १९१२ रोजी राज्य अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांनी ती तरतूद पुन्हा घटनेत बसवली. आपल्याकडे आमदाराला असे परत बोलावता येत नाही. महाराष्ट्रात थेट निवडून आलेल्या सरपंचावरील अविश्वासाला ग्रामसभेची मान्यता लागते, ही त्यातल्या त्यात जवळची गोष्ट.

इतर अधिकाऱ्यांना निवडून आल्यावर सहा महिने संरक्षण असते. आमदाराविरुद्ध मात्र पहिल्या अधिवेशनाचे पाच दिवस झाले की अर्ज करता येतो. संघटक रँडी पाराझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०११ च्या अखेरीस सह्यांची मोहीम सुरू केली. मागील निवडणुकीत त्या जागेसाठी पडलेल्या मतांच्या एक चतुर्थांश, म्हणजे ७,७५६ सह्या आवश्यक होत्या. मे अखेरीस १८ हजारांहून अधिक सह्या सादर झाल्या आणि छाननीनंतर १०,३६५ वैध ठरल्या. पिअर्स यांना राजीनामा देण्याचा पर्याय होता. त्यांनी तो दिला नाही, त्यामुळे ८ नोव्हेंबर २०११ रोजी निवडणूक ठरली.

त्यांच्यासमोर उभे राहिले जेरी लुइस, तेही रिपब्लिकन, तेही मॉर्मन आणि स्थानिक पंथसंघटनेत मोठी जबाबदारी सांभाळलेले. आणखी एक उमेदवार हिस्पॅनिक आडनावाची होती. लुइस यांची मते फोडण्यासाठी पिअर्स यांच्या समर्थकांनीच तिला उभे केल्याचा आरोप न्यायालयापर्यंत गेला. साक्षी सुरू झाल्यावर तिने माघार घेतली, तरी तिचे नाव मतपत्रिकेवर छापले गेलेच होते. निकालात लुइस स्पष्ट मताधिक्याने विजयी झाले.

इतका प्रबळ आमदार स्वतःच्याच गावात का हरला?

पहिले कारण निवडणुकीच्या रचनेत आहे. नेहमीच्या निवडणुकीत पिअर्स यांचा खरा मुकाबला पक्षांतर्गत प्राथमिक फेरीत होत असे. तिथे थोडे आणि कडवे मतदार येतात आणि त्यांच्यात पिअर्स यांना तोड नव्हती. मतदारसंघ रिपब्लिकन असल्याने पुढची फेरी उपचारापुरती उरे. रिकॉलमध्ये प्राथमिक फेरीच नसते. सगळ्या पक्षांचे आणि अपक्ष मतदार एकाच दिवशी मतदान करतात. त्यामुळे ज्या डेमोक्रॅट मतदारांना मेसामध्ये कधी किंमत नव्हती, त्यांना मवाळ रिपब्लिकन उमेदवार निवडण्याची संधी मिळाली.

दुसरे कारण पंथाचे. मॉर्मन चर्चचे हजारो तरुण स्पॅनिश शिकून लॅटिन अमेरिकेत धर्मप्रसारासाठी जातात आणि अ‍ॅरिझोनातील त्यांच्या सभासदांत हिस्पॅनिक कुटुंबेही आहेत. नोव्हेंबर २०१० मध्ये, चर्चचे मुख्य केंद्र असलेल्या युटा राज्यात स्थलांतरितांबाबत माणुसकीने वागण्याचे आवाहन करणारा जाहीरनामा निघाला, त्याला चर्चने पाठिंबा दिला आणि जून २०११ मध्ये स्वतःचे निवेदनही काढले. कुटुंबे तोडणाऱ्या, केवळ अंमलबजावणीवर भर देणाऱ्या धोरणाबद्दल त्यात नापसंती होती. कायद्याचे पालन हा आपल्या श्रद्धेचाच भाग आहे, असे मांडत आलेल्या पिअर्स यांच्या पायाखालची जमीनच त्यामुळे सरकली. कधीच डेमोक्रॅट उमेदवाराला मत न देणारी मॉर्मन कुटुंबे लुइस यांना मात्र सहज मत देऊ शकत होती.

यात भर पडली ती एका फुटबॉल सामन्याच्या आयोजकांकडून अनेक आमदारांनी तिकिटे आणि प्रवास स्वीकारल्याच्या प्रकरणाची. त्या यादीत पिअर्स ठळक होते. त्यांच्यावर खटला भरला गेला नाही, तरी ‘कायदा म्हणजे कायदा’ म्हणणाऱ्या नेत्याला ते प्रकरण महागात पडले.

पराभवानंतर त्यांनी पुनरागमनाचा प्रयत्न केला का?

केला. ऑगस्ट २०१२ मध्ये, नव्या सीमारेषांच्या मतदारसंघात, नेहमीच्या रिपब्लिकन प्राथमिक फेरीत ते उभे राहिले आणि तिथेही उद्योजक बॉब वर्स्ली यांच्याकडून हरले. पहिला पराभव केवळ विरोधी पक्षाच्या मतांमुळे झाला होता, हा त्यांच्या समर्थकांचा दावा या निकालाने बराच कमकुवत केला. लुइस यांनाही नंतर फार काळ टिकता आले नाही. त्याच वर्षी दुसऱ्या मतदारसंघात ते डेमोक्रॅट उमेदवाराकडून पराभूत झाले.

पिअर्स पुढे राज्याच्या रिपब्लिकन पक्षाचे उपाध्यक्ष झाले. सप्टेंबर २०१४ मध्ये एका रेडिओ कार्यक्रमात, सरकारी मदत घेणाऱ्या स्त्रियांवर गर्भनिरोधाची सक्ती करावी अशा आशयाचे बोलल्यामुळे निवडणुकीच्या तोंडावर त्यांच्याच पक्षाचे उमेदवार त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. ते शब्द दुसऱ्या कोणाचे होते आणि आपण तसे सांगायला विसरलो, असे स्पष्टीकरण देत त्यांनी राजीनामा दिला. त्यांचे सक्रिय राजकारण तिथे जवळपास थांबले.

त्यांच्या कामापैकी आज काय टिकून आहे?

ई-व्हेरिफायची सक्ती आजही लागू आहे. अ‍ॅरिझोनात नोकरी लागलेल्या प्रत्येकाची, मग तो नागरिक असो वा व्हिसावरचा परदेशी, त्या प्रणालीतून तपासणी होते. एसबी १०७० ची नक्कल म्हणता येतील असे कायदे २०११ मध्ये अलाबामा, जॉर्जिया, इंडियाना, दक्षिण कॅरोलायना आणि युटा या राज्यांनी केले, मात्र न्यायालयांनी त्यांतलाही बराच भाग रोखला.

पिअर्स यांची कार्यपद्धती मात्र त्यांच्या मृत्यूनंतरही वापरात आहे. मार्च २०२४ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या डेमोक्रॅट राज्यपाल केटी हॉब्स यांनी बेकायदा सीमा ओलांडणे हा राज्याचा गुन्हा ठरवणारे विधेयक नाकारले. रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने तोच विषय ‘प्रस्ताव ३१४’ म्हणून मतपत्रिकेवर पाठवला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी तो मोठ्या बहुमताने मंजूर केला. त्यातील सीमा ओलांडण्याविषयीचे कलम लगेच लागू झाले नाही, कारण टेक्सासचा तशाच स्वरूपाचा कायदा किंवा दुसऱ्या एखाद्या राज्याचा तसा कायदा आधी अमलात यावा, अशी अट त्या प्रस्तावातच घातलेली होती.